दहावी जोडी

१

लोकांना वाटतं, कानात घालायचा बोळा तो बोळा, त्यात निवडायचं काय? चपला घेताना चार दुकानं पालथी घालणारी माणसं कानात मात्र कुठेतरी फुकट मिळालेला फोमचा तुकडा कोंबतात आणि मग 'काही उपयोग नाही हो' म्हणून बोंब मारतात. मी गेली एकोणीस वर्षं मापाचे इअरप्लग बनवतोय. पोहायला लागतो तो हलका, पाण्यावर तरंगणारा, कडेने घट्ट बसणारा. झोपायला मऊ, कुशीवर वळलं तरी न टोचणारा. यंत्रावर काम करणाऱ्याला कडक आणि भरीव. वादकाला भोकाचा, त्याला मोहरीएवढं आरपार भोक असतं, म्हणजे गोंगाट अडतो पण सूर आणि माणसाचा आवाज येत राहतो. आणि रस्त्यावर शक्यतो कुठलाच नको, घालायचाच असेल तर भोकाचाच. हे मी झोपेतसुद्धा घडाघडा म्हणून दाखवीन.

आमच्या कार्यशाळेत गिऱ्हाईक येत नाही, त्याचे नुसते कान येतात. दवाखान्यात पिचकारीने कानात एक गुलाबी लगदा भरतात, पाच मिनिटांत तो रबरासारखा घट्ट होतो, मग अलगद ओढून काढतात. त्याला आम्ही ठसा म्हणतो. उजव्या ठशावर लाल ठिपका, डाव्यावर निळा. प्लगचा रंगही तोच. सोबत एक फॉर्म असतो: नाव, वय, 'कशासाठी' आणि 'कुठला आवाज'. चेहरा आम्ही कधी पाहत नाही. तरी ठसा हातात घेतला की मला बरंच कळतं. माणूस दात खातो का, कुठल्या कुशीवर झोपतो, ठसा घेताना गप्प होता की बडबडत होता. तोंड उघडलं की जबडा सरकतो आणि कानाची नळी रुंदावते, ते ठशात उमटतं. शेजारच्या टेबलावरचा पॉलिशवाला मला नेहमी चिडवतो, "दादा, तुम्ही वहिनींनाही कान बघूनच पसंत केलं असणार." अगदीच खोटं नाही ते.

टेकडीजवळच्या दवाखान्याचा खोका दर मंगळवारी येतो. पाच वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी त्याच्या यादीत नऊ जोड्या होत्या. मी टेबलावर मांडल्या तर दहा भरल्या.

२

दहाव्या फॉर्मवर नाव नव्हतं. वय अकरा, कशासाठी: पोहणे. 'कुठला आवाज' ही जागा रिकामी होती. घाईत राहिलं असेल नाव, असं म्हणून मी उजवा ठसा उचलला आणि सवयीने त्यावरून अंगठा फिरवला. नळीच्या दुसऱ्या वळणापाशी तांदळाच्या दाण्याएवढा खळगा लागला.

तो खळगा मला ठाऊक होता. माझ्या मुलीच्या उजव्या कानात चौथ्या वर्षी गळू झालं होतं. ते बरं झालं, पण आत एक बारीक उंचवटा राहिला. ठशात त्याचा खळगा उमटायचा. तिला आम्ही मुंगी म्हणायचो, चालताना पावलांचा आवाज होऊ द्यायची नाही म्हणून. तिच्या कानांचे ठसे मी स्वतः चार वेळा घेतले होते. शेवटचे नवव्या वर्षीचे, माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होते. मुंगीला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

मी खण उघडला आणि जुना ठसा नव्याशेजारी ठेवला. तेच वळण, तोच खळगा. नवा फक्त मोठा होता. मुलांचे कान वाढतात, दर दीड-दोन वर्षांनी त्यांना नवं माप लागतं. हा दोन वर्षांनी वाढलेला होता.

मी दवाखान्यात फोन लावला. तिथल्या बाई जरा खेकसूनच बोलतात. "नऊ पाठवल्यात. यादीत बघा ना."

"दहा आहेत. लहान मुलीचे ठसे आहेत, अकरा वर्षांच्या."

"मग आमचे नाहीतच. आमच्याकडे मुलं येतच नाहीत हो, मुलांसाठीची बारीक पिचकारीच नाहीये आमच्याकडे. दुसऱ्या कुणाचे मिसळले असतील, टाकून द्या."

टाकून द्यायला हवे होते. जगात इतके कान आहेत, एखाद्या पोरीला त्याच जागी गळू झालं असेल, मी मनाला शंभर वेळा सांगितलं. पण मुंगीला पाण्याची फार भीती वाटायची, आणि फॉर्मवर लिहिलं होतं 'पोहणे'. मी तीन दिवस खपून तरंगणारे प्लग केले आणि नऊ जोड्यांबरोबर दहावीही खोक्यात भरली. जादा जोडी आल्याची तक्रार कुणी केली नाही.

३

आमच्या घरापुढे तीन पायऱ्या आणि एक लोखंडी फाटक आहे. मुंगी गेल्यापासून बायको रोज संध्याकाळी साडेपाचला फाटकाशी जाऊन उभी राहते आणि रस्त्याच्या वळणाकडे तोंड करून हाक मारते. "मुंगेऽऽ!" एकदा, मग जरा थांबून पुन्हा. मग हळूच, "वळ गं. रागावू नकोस." शेजाऱ्यांनी आधी दारं उघडून बघितलं, मग दारं लावून घेतली, मग त्यांना सवय झाली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मेहुणी महिनाभर राहून गेली आणि जाताना म्हणाली, "करू दे तिला. तेवढ्यानेच उभी आहे ती."

मुंगीला आवाज सोसत नसत. मिक्सर, शाळेची घंटा, कुणी खुर्ची ओढली तरी ती कानांवर हात दाबून बसायची. म्हणून मी तिला भोकाचे प्लग करून दिले होते. ते घालून ती शाळेत जायची, सायकल चालवायची, चार पोरांत मिसळायची. त्या दिवशी केस कापण्यावरून मायलेकींचं वाजलं. कात्री कानाजवळ आली की मुंगी किंचाळायची आणि बायको आठवडाभराच्या कामाने पिचलेली होती. ती म्हणाली, "पुरे झाली तुझी नाटकं." मुंगी सायकल घेऊन निघाली. बायकोला लगेच वाईट वाटलं, ती मागोमाग फाटकापर्यंत आली. वळणाअलीकडच्या गल्लीतून एक ट्रक उलटा, मागे मागे रस्त्यावर येत होता. बायकोने जीव खाऊन हाक मारली. रस्त्यावरचं झाडून सगळं माणूस वळलं. मुंगी वळली नाही.

"ऐकलं होतं तिने," बायको तेव्हापासून म्हणते. "भोकातून माझा आवाज पोचतो, तुम्हीच सांगितलं होतंत. ऐकलं, आणि रुसून वळली नाही."

तिने ऐकलं नव्हतं. आदल्या दिवशी मी तेच प्लग वार्निश करायला कार्यशाळेत नेले होते. वार्निश चढवताना ते भोकात उतरू नये म्हणून आम्ही आधी भोकात मेण भरतो आणि वाळल्यावर सुईने काढून टाकतो. बाहेरून बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही मेण आहे की नाही. एवढ्या वर्षांत हजारो प्लगांतलं मेण मी न चुकता काढलं. त्या जोडीतलं काढायचं राहिलं.

इस्पितळातून तिच्या वस्तू एका पिशवीत परत मिळाल्या, त्यात ते प्लग होते. मी न्हाणीघराची कडी लावली, सुईने दोन्ही भोकांतलं मेण काढलं आणि वरून नळ सोडला. मग बाहेर येऊन बायकोच्या शेजारी बसलो. एक वाक्य बोललो असतो तर तिच्या काळजातला काटा तिथल्या तिथे निघाला असता. पण ती माझ्याकडे कुठल्या नजरेने बघेल, या भीतीने मी गिळून बसलो. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं गेली. मी भेकड आहे, दुसरं काय.

४

पुढच्या वर्षी पुन्हा एका मंगळवारी नऊच्या जागी दहा. वय बारा, कशासाठी: झोप. तो खळगा होताच. त्यानंतर दोन वर्षांनी वय चौदा, कशासाठी: अभ्यास. मी फोन करणं सोडलं होतं. पॉलिशवाल्याने एकदा विचारलं, "दादा, ही जोडी कुणाची? यादीत तर नाही."

"घरची आहे," मी म्हणालो.

खरं सांगतो, मला आनंद व्हायचा. लाज वाटावी असा आनंद. ती पोहायला शिकली. अभ्यास करतेय, म्हणजे मोठ्या वर्गात गेली असेल. ठसा हातात घेऊन मी मनातल्या मनात तिची उंची मोजायचो. बाकीच्या बापांना प्रगतिपुस्तकं मिळतात, मला फॉर्म मिळायचे. घरी मी गुणगुणताना बायकोने ऐकलं. "बरंय बाई तुमचं," एवढंच म्हणाली ती. तिला सांगावंसं वाटायचं. पण ठसे दाखवायचे तर मेणाचंही सांगावं लागणार. तसं पाहिलं तर पोरीला मी तिच्यापासून दुसऱ्यांदा हिरावून घेत होतो.

एक गोष्ट मात्र खटकायची. चौदाव्या वर्षीच्या ठशात जबडा आवळलेला होता. दातांवर दात दाबून, डोळे मिटून, कसलातरी त्रास सोसत बसलेल्या माणसाचा ठसा असा येतो. अभ्यासाच्या पोरीला एवढं काय सोसायचं असेल, मला कळेना. मी नळीत खोलवर जाणारे मऊ प्लग केले, नेहमीपेक्षा जरा लांब.

५

या वर्षी जो आला तो फॉर्म अजून माझ्याकडे आहे. वय सोळा. कशासाठी: नेहमीसाठी. त्यापुढे कंसात: भरीव. आणि इतकी वर्षं रिकामी राहिलेली 'कुठला आवाज' ही जागा पहिल्यांदा भरलेली होती. तिथे एकच शब्द होता: हाक.

मी ठसा उचलला. नळी रुंदावलेली होती, इतकी की मी आधी दोन बोटांनी चाचपून पाहिली. तोंड वासलेलं असताना घेतलेला ठसा. जांभईने एवढं रुंदावत नाही, बोलण्यानेही नाही. माणूस पूर्ण ताकदीने ओरडत असेल तरच, आणि तेही लगदा घट्ट होईपर्यंतची पाच मिनिटं सलग. मी ठसा टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आलो.

रोज साडेपाचला हाक जात होती. सात वर्षं, एक दिवस न चुकता. आणि ती जिथे कुठे होती तिथे तिला ती ऐकू येत होती. पोरीने आधी पाण्यात बुडी मारून पाहिली, मग झोपून, मग पुस्तकात डोकं घालून. आवाज न सोसणारी पोर ती.

हाक थांबवायचा साधा मार्ग होता. घरी जायचं, बायकोला समोर बसवायचं आणि सांगायचं: ती रुसली नव्हती, मेण माझं होतं. हाक त्या दिवशीच थांबली असती. दुसरा मार्ग माझ्या टेबलावर होता. मी दुपारपर्यंत हातावर हात ठेवून बसलो. पॉलिशवाला म्हणाला, "दादा, बरं नाहीये का? जा घरी." मी म्हणालो, बरं आहे, आणि साचा करायला घेतला.

आयुष्यात केली नव्हती इतकी सुबक जोडी झाली ती. भरीव, कुठेही फट नाही, भोक नाही. दिव्यासमोर धरून पाहिली तर किरणसुद्धा आत शिरेना. पुढच्या मंगळवारी सकाळी दवाखान्याचा माणूस खोका घेऊन गेला. एकदा मेण विसरलो ती चूक होती असं मी स्वतःला सांगत आलो होतो. या वेळी तेही म्हणायची सोय उरली नाही.

६

दोन दिवसांनी मी लवकर घरी आलो आणि पायरीवर चहाचा कप घेऊन बसलो. बायको फाटकाशी गेली. चांगलं ऊन होतं, रस्त्यावर वर्दळ होती. "मुंगेऽऽ!" तिने हाक मारली. पिशवी घेऊन चाललेला एक माणूस वळला, दोन बायका वळल्या, समोरच्या गॅरेजमधला पोऱ्या गाडीखालून डोकं काढून बघायला लागला. नवखे लोक वळतातच.

समोरच्या कडेने, चाळीसेक पावलांवर, एक मुलगी सायकल हातात धरून पाठमोरी चालली होती. सोळा-सतरा वर्षांची असेल. केस खूप लांब, कधी कात्री न लागलेले. उजव्या बाजूचे तिने कानामागे सारले होते आणि कानात काहीतरी लाल होतं. हल्ली निम्म्या पोरी कानात काहीतरी घालूनच फिरतात, असं मी स्वतःला सांगितलं आणि कप पायरीवर ठेवला. तिच्या पावलांचा, सायकलच्या चाकांचा, कशाचाच आवाज येत नव्हता.

बायकोने पुन्हा हाक मारली. या वेळी तिचा आवाज फाटला. ती मुलगी चालत राहिली, मान तसूभरही हलली नाही.

"बघितलंत?" बायको म्हणाली. "अस्संच. ऐकून न ऐकल्यासारखं."

ती त्या दिवसाबद्दल बोलत होती की आत्ताबद्दल, मला कळलं नाही. पण ते ऐकून माझ्यात काहीतरी तुटलं. मी फाटकाशी गेलो आणि म्हणालो, "तिला ऐकू आलं नव्हतं गं."

"कुणाला?"

"मुंगीला. त्या दिवशी. प्लगच्या भोकात मेण राहिलं होतं, मी काढायला विसरलो होतो. तुझी हाक तिच्यापर्यंत पोचलीच नाही. नंतर मीच ते सुईने काढून टाकलं, तुला कळू नये म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती, मला थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे रुसली नव्हती?"

"नाही."

"सात वर्षं मी तिची समजूत काढतेय," ती सावकाश म्हणाली. "रोज. आणि तुम्ही आत बसून ऐकत होतात."

तिने वळणाकडे पाहिलं. ती मुलगी आता कोपऱ्यापाशी पोचली होती.

"ऐकू येत नसेल तर हाका मारून काय उपयोग?" बायको म्हणाली. "जाऊन हात लावायला हवा." तिने फाटक उघडलं आणि अनवाणी धावत सुटली. पंचेचाळीस वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी, पण धावली. मुलगी कोपऱ्यावरून वळली, मागोमाग बायकोही वळली, आणि मग मला तिथे फक्त भिंत दिसत राहिली.

७

मी मागे गेलो नाही. का, ते विचारू नका. फॉर्मवरचा शब्द मला माहीत होता आणि तिला नव्हता, म्हणून असेल. त्या पोरीने मला सोळा वर्षांच्या अक्षरात काय लिहून पाठवलं होतं, ते मी बायकोला या जन्मात सांगणार नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी ती परत आली, चालत, पाय धुळीने माखलेले. केस सुटले होते. इतकी वर्षं मी तिला घट्ट अंबाड्याशिवाय पाहिलं नव्हतं.

"भेटली?" मी विचारलं. "कोण होती?"

ती माझ्या शेजारून आत गेली. मी दारात उभा होतो, तिचा पदर माझ्या हाताला लागला, पण तिने बघितलं नाही.

याला अकरा आठवडे झाले. साडेपाचला आता फाटकाशी कुणी जात नाही. रस्ता शांत असतो. शेजारीण म्हणाली, "बरं वाटतंय वाटतं त्यांना." बायको स्वयंपाक करते, माझं ताट वाढते, कपड्यांच्या घड्या घालते. समोर गेलो तर बाजूला होऊन वाट देते. पण बोललेल्या कशालाही उत्तर देत नाही. फोन वाजत राहतो, उचलत नाही. मेहुणीला मी सगळं कबूल केलं, तेव्हा ती म्हणाली, "मग कशी बोलेल ती तुमच्याशी? मी असते तर घर सोडून गेले असते." बरोबर आहे तिचं. रागच असणार. एवढं केल्यावर राग यायलाच हवा, आणि राग असेल तर तो एक ना एक दिवस जाईल.

परवा तिच्या मागेच माझ्या हातून पातेलं पडलं, फरशीवर गरगर फिरत राहिलं. ती दचकली नाही. ठरवलं तर माणूस दचकत नाही, मी नंतर स्वतःला समजावलं. केस ती आता मोकळेच सोडते, दोन्ही कानांवरून. त्यांखाली काय आहे ते बघायला एका हाताचं अंतर आहे. मी दोनदा हात पुढे केला आणि दोन्ही वेळा मागे घेतला. राग असेल तर मी जन्मभर वाट बघायला तयार आहे. राग नसेल तर मात्र तिच्या कानांत आहे ती माझ्याच हातची जोडी आहे आणि ती किती घट्ट बसते ते मला ठाऊक आहे.

आज ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी स्वयंपाकघराच्या दारातून तिला हाक मारली. लग्न झाल्यापासून कधी मारली नव्हती, अशी तिच्या नावाने मारली. ती भांडं पुसत राहिली.